पहिल्या भागाचा निकाल

१

७ जुलै १९८४, शनिवार. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात तेव्हा टीव्ही एकच होता, मालकांच्या माडीवर. सिंहगडाकडे तोंड करून बसवलेला अँटेना पावसाळी वाऱ्याने फिरला, की कोणीतरी कौलांवर चढायचे आणि खालून ‘आलं, आलं, गेलं’ असा पुकारा चालायचा. त्या रात्री ‘हम लोग’ नावाच्या नव्या हिंदी मालिकेचा पहिला भाग होता. मी बारा वर्षांची होते. माडीवर सतरंजी अंथरलेली, पुढे आम्ही मुले, मागे भिंतीला टेकून बायका आणि एकुलत्या एका खुर्चीत मालक.

मालिकेत उत्तरेकडचे एक बेताच्या परिस्थितीतले कुटुंब होते. दारू पिणारा बाप बसेसर राम, सगळे सोसणारी आई भागवंती, आजी, आजोबा आणि लल्लू, बडकी, मझली, नन्हे, छुटकी ही पाच मुले. भाग संपला की अशोककुमार पडद्यावर यायचे आणि आपण नुकतेच जे पाहिले त्याचा अर्थ समजावून सांगायचे. पहिल्या काही भागांतच वाड्याचा निकाल लागला. मालक म्हणाले, “हे सरकारी दिसतंय. कुटुंबनियोजनाची फिल्म लांबवलीय.” एक काकू म्हणाल्या, की आपले चिमणराव किती बरे होते. जिना उतरताना मी आईला विचारले, “तुला आवडलं?” ती म्हणाली, “पहिल्या दिवशी सून कळते का? बघू पुढे.”

पुढे दूरचित्रवाणी मालिका हाच माझ्या अभ्यासाचा आणि काही काळ पोटापाण्याचाही विषय झाला. तेव्हापासून एक प्रश्न माझ्यासोबत आहे. नव्या मालिकेविषयीचे पहिले मत कोणाचे असते, ते कोणापर्यंत पोहोचते आणि पोहोचल्यावर त्याचे काय होते? मालिकांचा इतिहास आपण सहसा गाजलेल्या शेवटांचा आणि लोकप्रिय चेहऱ्यांचा सांगतो. या लेखात मी तो पहिल्या भागांच्या बाजूने सांगणार आहे.

२

काकूंच्या बोलण्यात तथ्य होते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि वर्षभराने सिंहगडावरच्या सहप्रक्षेपणामुळे ते पुण्यात दिसू लागले. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशींच्या कथांवरची ‘चिमणराव’ ही मालिका आली आणि दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव व बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ घराघरांत पोहोचले. म्हणजे मालिका हा प्रकार पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला १९८४मध्ये नवा नव्हता. मात्र चिमणराव पडद्यावर आला तेव्हा त्याची ओळख करून द्यावी लागली नव्हती. तो पुस्तकांतून आधीच घरचा झाला होता. पहिल्या भागाचे निम्मे काम चिं. वि. जोशींनी काही दशके आधीच करून ठेवले होते.

‘हम लोग’ला हा आधार नव्हता. तिचे मूळ तर पार मेक्सिकोत होते. मिगेल साबिदो या मेक्सिकन निर्मात्याने १९७५मध्ये ‘बेन कोनमीगो’ ही प्रौढ साक्षरतेचा प्रचार करणारी मालिका काढली, नंतर कुटुंबनियोजनावर आणखी एक. त्याला ही वाट दाखवली होती पेरूमधल्या एका निव्वळ करमणुकीच्या मालिकेने. १९६९मध्ये सुरू झालेल्या ‘सिम्प्लेमेंते मारिया’ची नायिका खेड्यातून शहरात आलेली मोलकरीण होती. ती शिलाई शिकते आणि त्या बळावर वर येते. ही मालिका पाहून शिवणयंत्रांची मागणी वाढली आणि मोलकरणी साक्षरतेच्या वर्गांना जाऊ लागल्या. जे सहज घडले ते ठरवून घडवता येईल का, असा साबिदोचा प्रश्न होता. त्याने पात्रांची तीन गटांत मांडणी केली: चांगल्या वाटेवरची, वाईट वाटेवरची आणि दोन्हींच्या मध्ये घुटमळत हळूहळू बदलणारी. त्याचा खरा भरवसा या तिसऱ्या गटावर होता. बदलाला वेळ लागतो, आणि तो वेळ प्रेक्षकाने त्या पात्राबरोबर काढला तर बदल त्याच्याही घरात शिरतो, असे ते गणित होते.

हा प्रयोग भारतात आणण्याची कल्पना मेक्सिकोच्या दौऱ्यानंतर उचलून धरली ती तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे यांनी. साठे विदर्भातले. रंगीत टीव्ही भारतात यावा म्हणून आग्रह धरणारेही तेच. पुढे मनोहर श्याम जोशी यांनी लेखन आणि पी. कुमार वासुदेव यांनी दिग्दर्शन केले. १९८४मध्ये काही महिने देशात जवळजवळ दिवसाला एक नवे प्रक्षेपण केंद्र सुरू होत होते. ज्या गावांत टीव्ही नुकताच आला होता, तिथल्या लोकांसाठी ‘हम लोग’चा पहिला भाग हा टीव्हीचाच पहिला अनुभव होता. प्रायोजक होता दोन मिनिटांत होणाऱ्या नूडल्सचा उत्पादक. त्याच्या जाहिरातींवर जी मालिका पोसली गेली ती सतरा महिने चालली.

३

वाड्याने दिलेला निकाल देशभरात बहुतेकांनी दिला होता. सुरुवातीचे तेरा भाग लोकांना रुचले नाहीत. कथा पुढे सरकत नाही, उपदेश फार होतो, कुटुंबनियोजन प्रत्येक संवादात डोकावते, अशा तक्रारी होत्या. वर्षाच्या ५२ आठवड्यांचा चौथा हिस्सा तेरा, म्हणून दूरदर्शनचा सगळा हिशेब तेराच्या पाढ्यात चाले. तेरा, सव्वीस, बावन्न. म्हणजे पहिला तेरावा गाठेपर्यंत मालिका जवळजवळ नापास झाली होती.

त्यानंतर जे झाले ते आजच्या माणसाला अविश्वसनीय वाटेल. मालिका बंद झाली नाही, बदलली. कुटुंबनियोजनाचा सूर खाली आणला गेला. स्त्रीचे घरातले स्थान, हुंडा, दारू, सासू-सुनेचे संबंध, राष्ट्रीय एकात्मता हे विषय पुढे आले. पात्रांना आपापल्या आयुष्यात गुंतायला मोकळीक मिळाली. अशोककुमारांचा समारोप राहिला, पण तो वडीलधाऱ्या माणसाच्या गप्पांसारखा झाला. १७ डिसेंबर १९८५ रोजी मालिका संपली तेव्हा तिचे सुमारे दीडशे भाग झाले होते आणि निरोप घेताना लोक रडत होते.

हा बदल घडवणाऱ्या गोष्टींत पत्रे महत्त्वाची होती. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या संशोधकांनी ‘हम लोग’चा पुढे सविस्तर अभ्यास केला. त्यानुसार मालिकेच्या काळात दूरदर्शनकडे सुमारे चार लाख पत्रे आली. अशोककुमारांना तरुण मुले-मुली लिहीत, की आमच्या लग्नाला आईवडिलांची संमती मिळवून द्या. बडकीने अश्विनीशी लग्न करावे म्हणून तिला गळ घालणारी पत्रे येत. ते लग्न दाखवले गेले त्या दिवशी उत्तरेतल्या अनेक शहरांत दुकाने लवकर बंद झाली.

त्या चार लाखांत आमचे एक पोस्टकार्ड होते. पंधरा पैशांचे. आईने मराठीत सांगितले आणि मी शाळेतल्या हिंदीत लिहिले. मजकूर साधा होता. बडकीच्या लग्नाची घाई करू नका, तिला आधी स्वतःच्या पायावर नीट उभी राहू द्या, लग्न काय कधीही होईल. आईचे लग्न सतराव्या वर्षी झाले होते. घरात कशाबद्दलही तिचे मत विचारण्याची पद्धत नव्हती, आणि तीही ते देत नसे. दिल्लीतल्या अनोळखी माणसांना मात्र तिने ते कळवले. मी पत्ता लिहीत असताना तिने दोनदा विचारले, “बरोबर लिहिलंस ना?” बडकीचे लग्न झाले. मी चिडून म्हटले, “आई, त्यांनी तुझं ऐकलंच नाही.” ती म्हणाली, “ऐकलं नाही, पण वाचलं असेल.”

सिंघल-रॉजर्स यांच्या अभ्यासातला एक निष्कर्ष मी पुष्कळ वर्षांनी वाचला. योजनाकारांनी भागवंती हे पात्र ‘असे होऊ नका’ म्हणून उभे केले होते. निमूट सोसणारी बाई दिसली की प्रेक्षकाला त्या सोसण्याचा राग यावा, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पुष्कळ प्रेक्षकांना, त्यांत बायकांनाही, भागवंतीच आदर्श वाटली. वाड्यातल्या बायकांचे पहिले मतही हेच होते: “बाई सोशीक आहे, चांगली आहे.” पहिली छाप योजनाकाराच्या हातात नसते. प्रेक्षक आपल्या घरची माणसे पडद्यावर शोधतो आणि सापडली की त्यांची बाजू घेतो. हे दिल्लीला कळले ते पत्रांतून आणि प्रश्नावल्यांतून, कारण या दोन्हींत कारणे लिहिलेली असतात.

४

त्या काळातला प्रेक्षक शहाणा आणि दूरदर्शन उदार होते, असे मला सुचवायचे नाही. दूरदर्शन थांबू शकले, कारण दुसरी वाहिनीच नव्हती. न आवडलेली मालिका पाहत राहण्याखेरीज लोकांना पर्याय नव्हता, आणि या आश्रयाखाली अनेक रटाळ मालिकाही सुखाने तेरा भाग जगल्या. पत्र लिहिणारा माणूस साक्षर होता. हिंदी न येणाऱ्या दक्षिणेत ‘हम लोग’ची जादू फारशी चाललीच नाही. शिवाय काही मालिकांना वेळ लागला नाही. त्याच वर्षी आलेली ‘ये जो है जिंदगी’ लोकांनी लगेच उचलली. शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी आणि दर भागात नव्या सोंगात येणारे सतीश शाह यांच्यासाठी अशोककुमारांच्या स्पष्टीकरणाची गरज नव्हती.

एखाद्या मालिकेची दोन पहिली मते एकाच वेळी किती वेगळी असू शकतात, हे ‘रामायण’ने दाखवले. २५ जानेवारी १९८७ या रविवारी रामानंद सागर यांच्या मालिकेचा पहिला भाग लागला. इंग्रजी वृत्तपत्रांतल्या समीक्षकांनी नाक मुरडले: संथ, भडक, कॅलेंडरवरच्या चित्रांसारखी. मी तेव्हा कॉलेजच्या उंबरठ्यावर होते आणि माझेही मत हेच होते. त्याच वेळी माडीवर मालकीणबाई टीव्हीला हार घालत होत्या. ५२ भागांची ठरलेली मालिका ७८ भागांपर्यंत गेली. समीक्षक पडदा पाहत होते. मालकीणबाई पडद्यावर जे येणार ते आधीपासून जाणत होत्या आणि त्याला भेटायला आल्या होत्या. चिमणरावाच्या बाबतीत घडले तेच इथे फार मोठ्या प्रमाणावर घडले.

पहिल्या मताविषयी सर्वांत विचार करायला लावणारा प्रसंग मात्र न्यायालयात घडला. जानेवारी १९८८मध्ये गोविंद निहलानी यांची ‘तमस’ दूरदर्शनवर सुरू झाली. भीष्म साहनींच्या कादंबरीवर आधारलेली, फाळणीच्या दंगलींची ही कथा सुरू होताच तिच्यावर आक्षेप आले. यामुळे जातीय तेढ वाढेल, अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली आणि प्रक्षेपणाला स्थगिती मिळाली. ते अपील न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांच्यापुढे आले. त्यांनी जे केले ते फार साधे होते. त्यांनी संपूर्ण मालिका स्वतः बसून पाहिली आणि मग स्थगिती उठवली. निरक्षर प्रेक्षकाला सारासार समज नसते असे मानण्याचे कारण नाही, अशा अर्थाचे त्यांचे निरीक्षण होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही फेब्रुवारीत हाच निर्णय कायम राहिला. त्या निकालात एक जुना निकष आधाराला घेतला गेला. तो मूळचा नागपूरच्या उच्च न्यायालयातला, न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचा. एखाद्या मजकुराचा परिणाम जोखायचा तो समंजस, खंबीर माणसाच्या नजरेने, प्रत्येक विरोधी मतात धोका पाहणाऱ्या डळमळीत मनाच्या नजरेने नव्हे, असा त्याचा आशय.

आक्षेप घेणाऱ्यांपुढे सुरुवातीचे तुकडे होते आणि न्यायमूर्तींपुढे शेवटापर्यंतची पूर्ण कथा. माणूस तोडणारा प्रसंग पहिल्या भागात असतो आणि त्याचा अर्थ शेवटच्या भागात. आई जिन्यात जे म्हणाली होती, ते उच्च न्यायालयाने आपल्या पद्धतीने मान्य केले, असे मला त्या निकालाविषयी वाचताना वाटले.

५

१९९९मध्ये अल्फा टीव्ही मराठी ही वाहिनी आली आणि तिच्यावर विनय आपटे यांची ‘आभाळमाया’. सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी ही शिकवणारी, मिळवती, नवऱ्याच्या वागण्याने दुखावलेली आणि तरीही न मोडलेली नायिका. मराठी मध्यमवर्गाने तिला पहिल्यापासून आपलेसे केले. साप्ताहिक मालिकेत दोन भागांच्या मध्ये सहा दिवस असत. त्या सहा दिवसांत शेजारीपाजारी, लोकलच्या डब्यात, शिक्षकांच्या खोलीत तिच्यावर बोलणे होई. ‘दामिनी’ने मराठी प्रेक्षकाला सह्याद्री वाहिनीवर दैनंदिन मालिकेची सवय लावली. ३ जुलै २००० रोजी एकाच रात्री ‘कौन बनेगा करोडपती’ आणि ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाल्या, आणि रोजच्या मालिकेचा साचा पक्का झाला.

याच सुमारास पहिले मत मोजण्याचे साधन बदलले. आधी टॅम आणि २०१५पासून बार्क. निवडलेल्या घरांत टीव्हीला यंत्र जोडायचे आणि कोणती वाहिनी किती मिनिटे लागली ते नोंदवायचे. पत्रापेक्षा ही पद्धत एका अर्थाने न्याय्य आहे, हे मान्य करायला हवे. यंत्राला लिहिता-वाचता यावे लागत नाही, आणि ज्या बाईला पोस्टकार्ड लिहून देणारे कोणी नाही तिचीही नोंद होते. पण यंत्राला फक्त ‘पाहिले’ आणि ‘पाहिले नाही’ एवढेच सांगता येते. बडकीची घाई करू नका, हे यंत्राला सांगता येत नाही.

याचा अर्थ मला कागदावर नव्हे, कामावर कळला. काही वर्षांपूर्वी मी एका मराठी दैनंदिन मालिकेच्या लेखन-गटात होते. वाहिनीचे नाव महत्त्वाचे नाही, कुठेही हेच झाले असते. कथेत एक सासू होती. करारी, कडवट, सुनेला नोकरी सोडायला लावणारी. चौथ्या महिन्यात तिच्या हाती तिचे स्वतःचे जुने पत्र लागणार होते, लग्नाआधी मिळालेल्या आणि नाकाराव्या लागलेल्या नोकरीचे. तिथून ती बदलू लागणार होती. साबिदोच्या तिसऱ्या गटातलेच ते पात्र होते आणि मालिकेचा सगळा जीव त्यात होता. दुसऱ्या आठवड्यापासून गुरुवारी आकडे येऊ लागले. आकडे वाईट नव्हते, कमी होते. बैठकीत ठरले, की सासूला आणखी कठोर करा, कारण तिचे भांडण होते त्या मिनिटांत आकडा वर जातो. आम्ही तसे केले. आता ती बदलली तर खोटे वाटेल इतकी ती कठोर झाली. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस मालिका बंद झाली. ते पत्र कधी सापडलेच नाही.

चूक कोणाची, असे मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे. प्रेक्षकाची तर नक्कीच नाही, कारण तो भांडण पाहत होता म्हणजे भांडणच मागत होता, हा आमचा तर्क होता. कदाचित तो पुढे काय होते याची वाट पाहत असेल. ‘हम लोग’च्या चमूला जे कळवले गेले तसे आम्हाला कोणी काही कळवले नाही. आम्हाला फक्त एक रेघ वर-खाली जाताना दिसली आणि तिचे कारण आम्हीच ठरवले.

६

जुने तेरा भाग परत द्या, असे म्हणून हा प्रश्न सुटणार नाही. आठवड्याला सहा भाग दाखवणाऱ्या मालिकेला तेरा आठवडे दिले तर ७८ भाग होतात, आणि तेवढ्यात ‘रामायण’ संपले होते. म्हणजे आजच्या मालिकेला भाग कमी मिळतात असे नाही. कमी मिळते ते दोन भागांमधले अंतर. प्रेक्षकाने विचार करावा, कोणाशी बोलावे, मत बनवावे, बदलावे, ते कळवावे आणि लेखकाने त्यावर पुन्हा विचार करावा, यासाठी लागणारे दिवस नाहीसे झाले आहेत. ओटीटीवर तर सगळे भाग एकाच रात्री हाती येतात आणि निकाल पहिल्या दहा मिनिटांत लागतो. ज्याच्यावर काहीही परिणाम करता येत नाही, त्याच्यावर मत देणे मात्र कधी नव्हे इतके सोपे झाले आहे.

मी पूर्वीपासून एक वही ठेवते. नवी मालिका सुरू झाली की पहिला भाग पाहून दोन ओळी लिहायच्या आणि काही महिन्यांनी त्या वाचायच्या. या वहीने मला नम्र केले आहे. ‘रामायण’ फार चालणार नाही, असे माझे कॉलेजवयातले मत तीत आहे. २००१मध्ये ‘चार दिवस सासूचे’ सुरू झाली तेव्हा मी लिहिले आहे, की नावाप्रमाणे चार दिवसच टिकेल. ती २०१३पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. काही पानांवर मात्र पहिल्या दोन ओळींखालची जागा कोरी आहे. तिथे माझे मत चूक होते की बरोबर, हे ठरायच्या आतच मालिका संपली. आमच्या मालिकेचे पान त्यांतलेच.

आई शेवटच्या वर्षांत माझ्याकडे होती. आमची मालिका ती रोज पाहत असे. बंद झाल्यावर तिने आठवडाभर त्या वेळेला टीव्ही लावला, दुसरीच मालिका लागली होती, तरीही. मग एकदा जेवताना विचारले, “त्या सासूचं पुढे काय होणार होतं गं?” मी तिला सगळे सांगितले, पत्रासकट. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, “मला वाटलंच होतं. ती पहिल्याच दिवशी सुनेच्या पुस्तकांकडे बघत होती.”

ते दृश्य मी लिहिले होते, आणि संकलनात ते जेमतेम तीन सेकंद उरले होते. पत्र लिहून हे कळवायला आता पत्ता नव्हता. मी वही काढली आणि आमच्या मालिकेच्या कोऱ्या जागेत आईचे मत तारीख घालून लिहून ठेवले.